जपानी भाषेची एन५ परीक्षा: भांडुपच्या घरात बसून तयारी कशी करायची आणि पास झाल्यावर नेमकं काय मिळतं?

"एन५ पास झाली की जपानला नोकरी पक्की ना?"

भांडुपला स्टेशनबाहेर, लाल बहादूर शास्त्री मार्गावर किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर परदेशी भाषांच्या क्लासची जाहिरात दिसली की घरात हा प्रश्न येतोच. मुलगी बारावी झालेली असते, मुलगा आयटीआय करून बसलेला असतो, नाहीतर कोणी नर्सिंग करत असतं. कोणीतरी सांगतं, जपानमध्ये माणसं कमी पडतायत, भाषा शिकलं की काम झालं. मग फी भरायची की नाही, किती भरायची आणि भरून हाती काय लागणार, यावर चर्चा सुरू होते.

या प्रश्नाचं सरळ उत्तर 'नाही' असं आहे. एकट्या एन५ वर जपानची नोकरी मिळत नाही. पण म्हणून ही परीक्षा वाया जात नाही. ती पहिली पायरी आहे, कमी खर्चात चढता येते, आणि मराठी बोलणाऱ्याला तर ही पायरी वाटते त्यापेक्षा बरीच सोपी आहे. अट एवढीच, की जपानी इंग्रजीतून न शिकता मराठीतून शिकायची.

ही परीक्षा आहे तरी काय?

जपानी मातृभाषा नसलेल्यांची जपानी तपासणारी ही परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली. जेएलपीटी या नावाने ती ओळखली जाते. जपान फाउंडेशन आणि जपानमधली एक शैक्षणिक संस्था मिळून ती घेतात. सुरुवातीला तिच्या चार पातळ्या होत्या. २०१० मध्ये परीक्षा बदलली आणि पाच पातळ्या झाल्या: एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत ती देता येते. म्हणजे भांडुपच्या उमेदवाराला गावाबाहेर जाण्याची गरज नाही. अर्ज मात्र परीक्षेच्या काही महिने आधी भरावा लागतो आणि तो काळ थोडाच असतो. जुलैची परीक्षा द्यायची असेल तर मार्चपासून आणि डिसेंबरची द्यायची असेल तर ऑगस्टपासून सूचनांवर नजर ठेवावी. अभ्यास पूर्ण झाला आणि अर्जाची तारीख निघून गेली, हे दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतं.

अर्ज भरताना नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहावं. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर आडनाव आधी येतं. उद्या हेच प्रमाणपत्र व्हिसाच्या कागदांना जोडायचं असेल तर स्पेलिंगमधला एक अक्षराचा फरकही डोकेदुखी होतो.

पास झाल्यावर काय मिळतं आणि काय नाही?

एन५ म्हणजे ओळखीच्या विषयावरची साधी वाक्यं वाचता येणं आणि हळू बोललेलं समजणं. मी कोण, कुठे राहतो, किती वाजले, हे केवढ्याला, स्टेशन कुठे, उद्या काय करणार, एवढा आवाका. युरोपात भाषेच्या पातळ्या मोजायची जी पद्धत आहे, तिच्यात ही पातळी ए१ च्या आसपास बसते.

आता नोकरीचं बघू.

जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'विशिष्ट कौशल्य कामगार' नावाचा व्हिसा सुरू केला. वृद्धांची देखभाल, हॉटेल, बांधकाम, शेती, खाद्यपदार्थ तयार करणं अशा क्षेत्रांसाठी तो आहे. भारत आणि जपानने त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये करारही केला. या व्हिसाला भाषेची अट एन४ ची आहे, एन५ ची नाही. एन४ ऐवजी जेएफटी-बेसिक नावाची संगणकावरची परीक्षा चालते. तिची पातळी ए२, म्हणजे एन५ च्या वरची. शिवाय त्या त्या कामाची कौशल्य परीक्षा वेगळी द्यावी लागते. वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी त्या क्षेत्रातल्या जपानी शब्दांची आणखी एक परीक्षा असते. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंबाला सोबत नेता येत नाही. ही गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते, म्हणून आधीच माहीत असलेली बरी.

मग एन५ कुठे उपयोगी पडते? जपानमधल्या भाषाशाळेत शिकायला जायचं असेल तर साधारणपणे एन५ किंवा १५० तास जपानी शिकल्याचा पुरावा मागतात. तांत्रिक प्रशिक्षणार्थींची जुनी योजना बंद करून जपान एप्रिल २०२७ पासून नवी योजना आणतोय. तिथे कामाला सुरुवात करताना ए१, म्हणजे एन५ च्या पातळीची भाषा किंवा तेवढा अभ्यासक्रम अपेक्षित आहे. इथल्या जपानी कंपनीत अर्ज करताना एन५ मुळे दार उघडेल असं नाही, पण उमेदवार सहा महिने टिकून अभ्यास करतो एवढं तरी दिसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांची देवाणघेवाण करायचं ठरवलं. त्यात भारतातून ५०,००० कुशल आणि अर्धकुशल माणसं जपानला जावीत असं उद्दिष्ट आहे. संधी खरी आहे. पण संधी खरी असली की तिच्या नावावर पैसे मागणारेही वाढतात.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासता येते. १९८३ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार अशा एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच आहे. भाषेच्या क्लासची फी वेगळी आणि नोकरी लावून देण्याचे पैसे वेगळे. दोन्हींची वेगवेगळी पावती मागावी. 'एन५ करा, बाकी आम्ही बघतो' असं सांगून कोणी लाखांत रक्कम मागत असेल तर आधी नोंदणी क्रमांक विचारावा. गावची जमीन किंवा आईचे दागिने त्या वाक्यावर गहाण पडू नयेत.

गुणांचं गणित: ११८ मिळूनही नापास

एन५ मध्ये तीन पेपर असतात. शब्द आणि लिपी २० मिनिटं, व्याकरण आणि वाचन ४० मिनिटं, ऐकणं ३० मिनिटं. सगळे प्रश्न पर्यायांचे. निबंध नाही, तोंडी परीक्षा नाही.

एकूण गुण १८०. त्यातले १२० शब्द, व्याकरण आणि वाचन यांचे मिळून, ६० ऐकण्याचे. पास व्हायला १८० पैकी ८० हवेत. पण एवढंच पुरत नाही. पहिल्या भागात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ लागतात.

समजा, एखाद्याला पहिल्या भागात १०० आणि ऐकण्यात १८ मिळाले. एकूण ११८, म्हणजे ८० पेक्षा कितीतरी जास्त. तरीही तो नापास, कारण ऐकण्यात एक गुण कमी पडला. दुसऱ्या कोणाला ६१ आणि १९ मिळाले. एकूण ८०, आणि तो पास.

पुस्तकं पाठ करून गेलेल्यांना फटका बसतो तो इथेच. आपल्या शाळेत भाषेचा अभ्यास म्हणजे वाचणं आणि लिहिणं, त्यामुळे ऐकण्याचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. या परीक्षेत एक तृतीयांश गुण कानांचे आहेत.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. आणखी एक गोष्ट: इथे 'एका प्रश्नाला एक गुण' असा सरळ हिशेब नसतो. प्रश्न किती अवघड होते ते धरून गुण काढले जातात. म्हणून घरी येऊन उत्तरं मोजत बसण्यात अर्थ नाही.

मराठी माणसाला जपानी सोपी का जाते?

आता मुख्य मुद्दा. हे वाक्य बघा:

वाताशी वा / दोयोबी नि / तोमोदाची तो / एइगा ओ / मिमास.

मी / शनिवारी / मैत्रिणीबरोबर / सिनेमा / पाहते.

एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, जपानीतही शेवटी. मराठीत 'ला, ने, चा, त, पासून, पर्यंत' शब्दाच्या मागे लागतात, जपानीतही तसंच. 'देन्शा दे' म्हणजे ट्रेनने. 'भांडुप कारा दादार मादे' म्हणजे भांडुपपासून दादरपर्यंत. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'मो' म्हणजे 'सुद्धा'. वाक्याच्या शेवटचं 'ने' म्हणजे आपलं 'ना'. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. 'इकिमास का?' म्हणजे 'जातोस का?'. हा 'का' दोन्ही भाषांत योगायोगाने सारखाच निघाला, पण शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडला.

हेच वाक्य आधी इंग्रजीत करून मग जपानीत नेलं तर शब्द दोनदा उलटेपालटे करावे लागतात. बरेच क्लास आणि ॲप इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं म्हणून जपानी जमत नाही. खरं तर त्यांच्या हातात जास्त सरळ रस्ता असतो.

'मला चहा आवडतो' हे वाक्य घ्या. इथे 'आवडतो' हे चहाप्रमाणे चालतं, 'मी'प्रमाणे नाही. जपानीतही 'वाताशी वा ओचा गा सुकि देस' म्हणताना 'गा' चहाला लागतो. 'मला जपानी समजतं', 'मला पाणी हवं', 'डोकं दुखतं' या सगळ्या वाक्यांत जपानी 'गा' तिथेच लागतो जिथे मराठी मन आपोआप थांबतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो.

माणसं मोजायची तर आपण 'दोन माणसं' सोडून 'दोघं, तिघं, चौघं' म्हणतो आणि मग 'पाच जण' वर येतो. जपानीत 'हितोरी' म्हणजे एक जण, 'फुतारी' म्हणजे दोघं, आणि तिसऱ्यापासून 'सान्-निन, यो-निन' असं नियमाने. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांना साध्या आकड्यांपेक्षा वेगळी नावं आहेत. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया माहीत असलेल्या घरात याचं नवल वाटू नये.

वारांचंही तसंच. सोमवार हा चंद्राचा वार, जपानीत 'गेत्सुयोबी'ही चंद्राचाच. रविवार 'निचियोबी' सूर्याचा. मधले पाच वार अग्नी, पाणी, लाकूड, सोनं आणि माती या अक्षरांनी लिहितात. जपानीत मंगळ हा अग्नीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा आणि शनी मातीचा. म्हणजे सातही वारांचे ग्रह आपलेच. एका बैठकीत एन५ ची सात चित्राक्षरं पदरात पडतात.

जपानी अक्षरमालेचा क्रमही ओळखीचा वाटतो: आधी आ, इ, उ, ए, ओ हे स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंबरोबर भारतीय वर्णमालेचा अभ्यास जपानला पोहोचला आणि त्यातून हा क्रम आला, असं अभ्यासक सांगतात. सिद्धम ही भारतीय लिपी जपानला नेणाऱ्यांत कुकाई या भिक्षूंचं नाव मोठं आहे. कोयासान या डोंगरावर त्यांनी मठ उभारला. तिथल्याच कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला.

उच्चारातही फायदा आहे. 'त्सु' म्हणताना अनेक भाषांचे लोक अडखळतात. मराठीत 'चार' मधला 'च' वेगळा आणि 'चुना' मधला वेगळा. 'चुना' मधला 'चु' म्हणा, 'त्सु' जवळजवळ तयार.

मग मुलं अडकतात कुठे?

मराठी जिथे साथ सोडते तिथे.

पहिली अडचण 'आहे' ची. मराठीत टेबलावर पुस्तक आहे आणि घरात आजी आहे, दोन्हीकडे 'आहे'. जपानीत निर्जीव वस्तूसाठी 'आरिमास' आणि माणसं, प्राण्यांसाठी 'इमास'. आजीला 'आरिमास' म्हटलं तर तिला कपाटाच्या रांगेत नेऊन बसवलं असं होतं.

दुसरी अडचण 'हे' आणि 'ते' ची. जपानीत तीन आहेत: 'कोरे' माझ्याजवळचं, 'सोरे' तुझ्याजवळचं, 'आरे' दोघांपासून लांबचं. मराठीतला एकच 'ते' इथे दोन ठिकाणी वाटला जातो.

तिसरी अडचण कानाची. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, आणि 'बा' लांबवला की 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. 'ब्योइन' म्हणजे हॉस्पिटल, 'बियोइन' म्हणजे ब्युटी पार्लर. चार तारीख 'योक्का', आठ तारीख 'योओका'. मका आणि मक्का यांतला फरक ज्या कानाला कळतो त्याला हेही कळेल, पण सवय लागते. ऐकण्याच्या पेपरमध्ये तारखा, वेळा आणि किमती असतातच.

चौथी अडचण आकड्यांची. एकोणऐंशी, एकोणनव्वद पाठ केलेल्यांना जपानी आकडे पोरखेळ वाटतात: ७९ म्हणजे सात-दहा-नऊ, संपलं. घोटाळा होतो दहा हजारांवर. जपानी लोक दहा हजारांचा गठ्ठा करतात आणि त्याला 'मान' म्हणतात. ३५,००० म्हणजे 'तीन मान पाच हजार', एक लाख म्हणजे 'दहा मान'. हजार आणि लाखाची सवय असलेलं डोकं इथे दोन सेकंद थांबतं आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. भाजीचं बिल, लाइट बिल, दुकानातली किंमत, जे दिसेल ते 'मान' मध्ये म्हणून पाहावं.

पाचवी अडचण स्वतः ओढवून घेतलेली. वहीत जपानी शब्द देवनागरीत लिहायचे आणि तेच पाठ करायचे. पहिले काही दिवस ठीक आहे. पण प्रश्नपत्रिकेत देवनागरी नसते. देवनागरीच्या कुबड्या घेऊन महिना काढला की वाचनाचा वेग कायमचा मंदावतो, आणि ४० मिनिटांचा पेपर अर्धाच होतो.

सहा महिन्यांचा हिशेब

२०१० पूर्वीच्या परीक्षेत सगळ्यात खालच्या पातळीसाठी साधारण १०० चित्राक्षरं, ८०० शब्द आणि १५० तास अभ्यास असा अंदाज दिलेला होता. आता अधिकृत शब्दयादी नाही, पण तयारीचा आवाका तेवढाच धरला जातो. १५० तास सहा महिन्यांत वाटले तर आठवड्याला सहा तासही भरत नाहीत. रोज एक तास, आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

पहिला महिना लिपीचा. हिरागाना ४६ आणि काताकाना ४६ अशी मूळ अक्षरं. रोज पाच अक्षरं, हाताने लिहून. काताकाना कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच जण सोडतात, पण बाहेरून आलेले शब्द तिच्यातच लिहितात: बस 'बासु', टॅक्सी 'ताकुशी', हॉटेल 'होतेरु'. ती आली तर हे शब्द फुकटात मिळतात.

दुसरा ते चौथा महिना पुस्तकाचा. भारतात बहुतेक क्लास 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक वापरतात. त्याचे पहिले २५ धडे साधारण एन५ चे, पुढचे २५ एन४ चे. आठवड्याला दोन धडे धरले तर तीन महिन्यांत पहिला भाग होतो. क्लास परवडत नसेल तर जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तक ध्वनिफितींसह इंटरनेटवर मोफत मिळतं. रोजच्या जगण्यातले आणि कामाच्या ठिकाणचे प्रसंग त्यात आहेत. याच काळात आठवड्याला ४० शब्द आणि ५ चित्राक्षरं. डोंगर म्हणजे तीन सुळके, नदी म्हणजे तीन उभे प्रवाह, विश्रांती म्हणजे झाडाला टेकलेला माणूस. अशी अक्षरं चित्र म्हणून लक्षात राहतात.

पाचवा महिना वाचन आणि उजळणीचा. सहावा महिना घड्याळ लावून सराव पेपर सोडवण्याचा. परीक्षेच्या अधिकृत वेबसाइटवर नमुना प्रश्न मोफत आहेत.

व्याकरणाच्या पेपरमध्ये तुकडे जुळवण्याचा एक प्रश्न असतो. चार शब्द विस्कळीत देतात, ते ओळीत लावायचे आणि चांदणीच्या जागी कोणता येतो ते सांगायचं. हा प्रश्न मराठीत विचार करून सोडवावा. कोण, कधी, कुठे, कोणाबरोबर, काय, आणि शेवटी क्रियापद. बहुतेक वेळा तुकडे आपोआप जागेवर पडतात.

अभ्यासाला जागा कुठे, हा भांडुपचा खरा प्रश्न. टेकडीवरच्या एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, पाण्याची वेळ ठरलेली. तिथे 'शांत खोलीत बसा' हा सल्ला कुचकामी. वाचन आणि लिहिणं अभ्यासिकेत किंवा पहाटे करावं. ऐकणं मात्र घरातच, हेडफोन न लावता. परीक्षेत आवाज वर्गातल्या स्पीकरवरून येतो, एकदाच येतो, आणि मागे पंखा घरघरत असतो. पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांच्या गप्पा यांच्यातून ज्याला 'योक्का' आणि 'योओका' वेगळे ऐकू आले, त्याला परीक्षेचा हॉल शांतच वाटेल.

लोकलमध्ये उभं राहायला जागा नसते, तिथे पुस्तक निघत नाही. भांडुप ते सीएसएमटी धिम्या गाडीने पाऊण तासाच्या वर जातं. त्या वेळात कालच्या धड्याचा संवाद पुन्हा पुन्हा ऐकावा. नवा धडा तिथे घेऊ नये.

परीक्षेच्या रविवारी

परीक्षा रविवारी असते आणि मध्य रेल्वेवर रविवारी बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो, तोही अनेकदा माटुंगा ते मुलुंड दरम्यान. अशा वेळी धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, उशिरा धावतात आणि काही स्टेशनांवर थांबत नाहीत. शनिवारी रात्रीच रेल्वेची सूचना पाहून ठेवावी आणि नेहमीपेक्षा तासभर आधी निघावं. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. ऐकण्याचा पेपर सुरू झाल्यावर तर दार उघडतच नाही.

हॉल तिकीट, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र, दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि साधं काट्यांचं घड्याळ सोबत हवं. स्मार्टवॉच नको. मोबाइल पूर्ण बंद करून बॅगेत ठेवावा. परीक्षा चालू असताना तो वाजला तर सहा महिन्यांची मेहनत तिथेच संपू शकते.

ऐकण्याच्या पेपरच्या शेवटी छोटे प्रश्न येतात, ज्यांचे पर्याय छापलेले नसतात. एक वाक्य ऐकायचं, तीन उत्तरं ऐकायची आणि लगेच गोल भरायचा. एखादा हुकला तर सोडून द्यावा. मागच्याचा विचार करत बसलं की पुढचे दोन जातात.

निकालानंतर

जुलैच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस आणि डिसेंबरचा जानेवारीच्या अखेरीस इंटरनेटवर लागतो. प्रमाणपत्राला मुदत नसते. एकदा पास झालात की ते कायमचं.

पण खरा निर्णय त्यानंतरचा. जपानला काम करायला जायचं असेल तर एन५ वर थांबून उपयोग नाही, पुढची पायरी एन४ आहे. जुन्या अंदाजाप्रमाणे तिथे एकूण ३०० तास, ३०० चित्राक्षरं आणि १,५०० शब्द. म्हणजे एन५ इतकाच अभ्यास आणखी एकदा. आणि गंमत अशी, की एन४ च्या व्याकरणात मराठी आणखी जवळ येते. 'खाऊन पाहणे', 'करून ठेवणे', 'खाऊन टाकणे', 'घेऊन येणे' अशी जोडक्रियापदं जपानीत अगदी याच अर्थाने आहेत: 'ताबेते मिरु', 'शिते ओकु', 'ताबेते शिमाउ', 'मोत्ते कुरु'.

महाराष्ट्रातून गेलेली माणसं या भाषेच्या जोरावर जपानमध्ये कुठवर पोहोचली, याचं एक उदाहरण म्हणजे योगेंद्र पुराणिक. २०१९ मध्ये ते टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. सुरुवात त्यांनाही आ, इ, उ, ए, ओ पासूनच करावी लागली असणार.

तेव्हा घरात तो प्रश्न पुन्हा निघाला, तर उत्तर असं द्यावं: एन५ ने नोकरी पक्की होत नाही, पण सहा महिन्यांत आणि थोड्या पैशांत एवढं नक्की कळतं की ही भाषा आपल्याला जमते का आणि आवडते का. मोठी रक्कम भरायची की नाही, हे ते कळल्यावर ठरवावं.

आणि परीक्षेच्या दिवशी घरातून निघताना काय म्हणायचं, हेही शिकायची गरज नाही. मराठी घरात बाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतात. जपानी घरातही तेच म्हणतात: 'इत्ते किमास'. म्हणजे शब्दशः, जाऊन येतो.